चिंध्यांच्या क्विल्टमागचा कागद

स्ट्रिंग क्विल्ट म्हणजे चिंध्यांच्या पट्ट्यांचे चौकोन जोडून केलेली, आपल्या गोधडीसारखी अमेरिकन रजई. तिच्यातली 'स्ट्रिंग' म्हणजे दोरी नव्हे. कपडे बेतून झाल्यावर उरणाऱ्या बोट-दीड बोट रुंदीच्या पट्ट्यांना अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायका हे नाव देतात. या पट्ट्यांची खरी अडचण धाग्याची. एखादी उभ्या धाग्यात कापलेली, एखादी आडव्या, एखादी थेट उरेब, म्हणजे तिरकी. नुसत्याच एकमेकींना जोडल्या तर उरेब पट्टी ताणली जाते आणि चौकोन वाकडा होतो. आपल्या गोधडीत ठिगळं जुन्या लुगड्याच्या थरावर धावदोऱ्याने बसतात, तोच थर त्यांना धरून ठेवतो. स्ट्रिंग क्विल्टमध्ये हे काम पातळ कापड करतं, नाहीतर कागद.

इंग्लंडमधलं कागदी जोडकाम याहून जुनं, पण वेगळं. तिथे कागदाच्या साच्यावर कापड दुमडून टाचतात आणि कडा हाताने जोडतात. तिथल्या 1718 सालच्या रेशमी पलंगपोसात ते कागद अजून आहेत. स्ट्रिंग चौकोनात मात्र टीप कागदातूनच जाते. मधली पट्टी सुलट बाजू वर ठेवून कर्णावर मांडायची, दुसरी तिच्यावर उलटी ठेवून टीप मारायची, उलगडून इस्त्री फिरवायची, आणि कोपरे भरेपर्यंत हेच. शेवटी कागदाच्या कडेने कातरायचं. सरळ टिपांचं हे काम मशीनसाठीच असावं असं वाटतं, आणि 19व्या शतकाच्या उत्तरार्धात शिलाई मशीन घरात आल्यावरच ते फोफावलं.

1930 च्या दशकातल्या मंदीत चिंधीही टाकवत नव्हती. पट्ट्यांखालच्या आधारासाठी वर्तमानपत्रं, मालाच्या कॅटलॉगची पानं, जुनी पत्रं लागली. काही क्विल्ट अर्धवट राहिले, कागद मागे तसेच चिकटलेले. मला हे फार मोलाचं वाटतं. कापड कितीही जुनं असू शकतं, पण चौकोन कागदावरच्या तारखेआधी शिवलेला असूच शकत नाही.

जुन्या 'बी'मध्ये, म्हणजे शेजारणींच्या बैठकीत, जोडकाम सहसा नसे. ते घरी व्हायचं. चौकटीवर ताणलेले तीन थर, म्हणजे वरचं जोडकाम, मधलं भरण आणि खालचं अस्तर, एकत्र शिवायला बायका जमत. या शब्दाला पुढे वेगळं वजनही आलं. मतदानाच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना जमिनीवरून हुसकावलं गेलं, त्या काळात, 1966 मध्ये, अलाबामाच्या विल्कॉक्स काउंटीतल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. क्विल्ट विकून स्वतःची कमाई उभी केली.

आजच्या बीमध्ये एकेका सदस्येसाठी बाकीच्या जणी चौकोन शिवून टपालाने पाठवतात. हात वेगळे, मशीनं वेगळी, पण कागद एकाच मापाचा, म्हणून चौकोन जुळतात. टाका बारीक ठेवला की भोकांच्या रेषेवर कागद सहज फाटतो. मात्र तो आधी काढला तर उरेब कडा ताणल्या जातात, म्हणून चौकोन कागदासकटच पाठवावेत. जोडणीनंतर कागद जिची तिने काढावा.