मुखपृष्ठावर 'अंक १' आहे, पण पाटी कोरी आहे का?

डेअरडेव्हिल या मार्व्हल कंपनीच्या कॉमिकमधल्या सुपरहिरोचा २०१४ चा 'अंक १' मी मोठ्या हौसेने उघडला आणि चार पानांत गोंधळलो. न्यूयॉर्कचा वकील मॅट मर्डॉक, म्हणजे मुखवट्याआडचा डेअरडेव्हिल, सॅन फ्रान्सिस्कोत काय करतोय? त्याचं गुपित सगळ्या गावाला कसं ठाऊक? उत्तर आधीच्या मालिकेच्या ३६ व्या अंकात होतं. तिथे मॅटने भर कोर्टात, शपथेवर, 'डेअरडेव्हिल मीच' असं सांगून टाकलं होतं आणि न्यूयॉर्कमधली वकिलीची सनद गमावली होती. लेखक मार्क वेड तोच, चित्रकार ख्रिस सॅमनी तोच, गोष्ट मागील पानावरून पुढे चालू. आकडा तेवढा नवा.

हे झालं रीलाँच. आपण चाहते त्यालाच बिनदिक्कत रीबूट म्हणतो आणि मग वाद घालत बसतो. रीलाँचमध्ये अंकांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते, रीबूटमध्ये पात्राचा इतिहास. माझी खूण साधी आहे: नायकाला त्याचा काल आठवतो का? आठवत असेल तर रीलाँच.

अस्सल रीबूट पाहायचा तर १९८६ चा सुपरमॅन. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या मालिकेत सुपरमॅन-बॅटमॅनच्या डीसी कंपनीने आपली सगळी विश्वं मोडून एक केलं आणि जॉन बर्नने सहा अंकांच्या 'द मॅन ऑफ स्टील'मध्ये क्लार्क केंटची, म्हणजे सुपरमॅनची, कुंडलीच नव्याने मांडली. तो लहानपणी सुपरबॉय नव्हताच. मोठेपणीही त्याचे आईवडील, म्हणजे केंट दांपत्य, हयात. त्याचा शत्रू लेक्स लूथर वेडा शास्त्रज्ञ न राहता गब्बर उद्योगपती. जुनं काही वाचलं नसलं तरी अडत नाही.

गंमत अशी की रीबूटला 'अंक १' लागतोच असं नाही. बॅटमॅनची सुरुवात फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी १९८७ मध्ये नव्याने सांगितली ती चालू मालिकेच्या ४०४ ते ४०७ या अंकांत. नवख्याच्या हातात मी डोळे झाकून हा ४०४ ठेवीन.

याचीच वाईट बाजू म्हणजे २००७ चा स्पायडरमॅन. मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा झाला आणि पीटर (म्हणजे स्पायडरमॅन) व मेरी जेन यांचा १९८७ पासूनचा संसार झाला-गेला नव्हे, मुळात झालाच नाही असं ठरलं. ५४५ नंतर ५४६ आला, जणू काही घडलंच नाही. उगाच नवे आकडे छापणारं रीलाँच मी सहन करतो. हे मला आजही सहन होत नाही.

मुळात नवे आकडे छापतात कशाला? अमेरिकेत कॉमिकचे दुकानदार मागणी आधी नोंदवतात आणि न खपलेले अंक सहसा परत जात नाहीत. त्यामुळे ते हात आखडता घेतात, पण 'अंक १' असला की जास्त प्रती मागवतात. नव्याचे नऊ दिवस सरले की पुन्हा 'अंक १'. मोठा आकडा जवळ आला की मात्र जुना हिशेब बरोब्बर आठवतो. 'अमेझिंग स्पायडरमॅन'ची पहिली मालिका ४४१ वर थांबली होती, दुसरीचे ५८ अंक झाले, बेरीज ४९९. म्हणून २००३ मध्ये पुढचा अंक थेट ५००!

खरा घोळ घातला तो डीसीच्या २०११ च्या 'न्यू ५२'ने. एका झटक्यात ५२ मालिका अंक १ पासून; १९३८ पासून अखंड चाललेलं 'ॲक्शन कॉमिक्स'सुद्धा सुटलं नाही. सुपरमॅनचं लग्न गेलं, लाल चड्डी गेली. म्हणजे रीबूट. पण बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न यांच्या कथा तेव्हा रंगात होत्या, त्यांना फारसा हात लावला नाही. म्हणजे रीलाँच. त्यात नियम असा की सुपरहिरो जगासमोर येऊन पाचच वर्षं झालीत. आता बॅटमॅनचे रॉबिन, म्हणजे एकामागून एक आलेले त्याचे तरुण साथीदार, मोजा: डिक, जेसन, टिम आणि स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा डेमियन. पाच वर्षांत चौघे! हिशेब जुळेना, तेव्हा पुढच्याच वर्षी सांगण्यात आलं की टिम कधी रॉबिन नव्हताच, तो थेट 'रेड रॉबिन' या वेगळ्या नावाने आला. ज्या टिमबरोबर वाचक मोठे झाले त्याची अशी बोळवण. एक तर सगळं पुसा, नाहीतर कशालाच हात लावू नका.

मार्व्हलचं 'अल्टिमेट' किंवा डीसीचं २०२४ चं 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' यांना या भांडणात ओढू नका. ती शेजारची वेगळी विश्वं आहेत. मूळ बॅटमॅन आपल्या जागी शाबूत आहे.

'न्यू ५२'ने पुसलेल्यांत वॉली वेस्टही होता, बॅरी ॲलननंतर वर्षानुवर्षं 'फ्लॅश' हा वेगवान सुपरहिरो राहिलेला. डीसीच्याच २०१६ च्या 'रीबर्थ'च्या पहिल्या अंकात तो कुठल्याशा पोकळीत अडकलाय आणि कुणीतरी आपल्याला आठवावं म्हणून एकेकासमोर प्रकट होतोय. कुणाला आठवत नाही. शेवटी निरोप घ्यायला तो बॅरीसमोर उभा राहतो, विरघळू लागतो, आणि बॅरीला त्याचं नाव आठवतं. बॅरी हात धरून त्याला बाहेर ओढतो, दोघे मिठी मारून रडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत 'ॲक्शन कॉमिक्स' आलं. मुखपृष्ठावर आकडा होता ९५७.