आंबोलीच्या सड्यावरचं बोटभर पाणी

पावसाळ्यात आंबोलीला येणारी गर्दी धबधब्यापाशीच थबकते. बेडूक आणि साप बघायचे तर सड्यावर जायला हवं. सडा म्हणजे जांभ्या कातळाचा सपाट माथा. मे महिन्यात तिथे पाय भाजतात, गवत वाळून गेलेलं असतं, आणि अशा जागेला सरसकट ‘पडीक’ म्हणायची आपल्याला सवय आहे. हा शेरा साफ चुकीचा आहे.

पहिले पाऊस झाले की कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं. आंबोली टोड हा चिमुकला भेक अंडी घालायला नेमकं तेच निवडतो. पिवळसर अंग, कुशीवर वाघासारख्या खुणा. ‘झँथोफ्राईन टायगरिना’ या नावाने विज्ञानाला त्याची ओळख झाली ती थेट २००९ मध्ये! उथळ डबक्यात मासे नसतात, म्हणून पिल्लांच्या जिवाला धोका कमी. पण पावसाने चार दिवस दडी मारली, की डबकं आटतं आणि सगळी पिल्लं जागीच वाळतात. त्यामुळे पाय फुटून शेपूट नाहीसं होईपर्यंतचा प्रवास त्यांना झपाट्याने उरकावा लागतो. आंबोली आणि आसपासचा परिसर एवढंच त्याचं घर. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे.

सडा संपून झाडी सुरू झाली की बेडकांचं पाण्याशी असलेलं नातं बदलतं. मलबारी उडता बेडूक डबक्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो. आतली पिल्लं पुढे टपटप खाली पाण्यात पडतात. इंडिराना गटातल्या बेडकांच्या पिल्लांना तर डबकंही लागत नाही. पाणी झिरपणाऱ्या दगडाला ती चिकटून असतात. निरखून पाहिलं तर लांब शेपटीच्या बुडाशी मागचे पाय दिसतात. बोट जवळ नेलं की टुणकन उडी!

जिथे बेडूक, तिथे चापडा. मलबारी चापडा हा विषारी साप ओढ्याकाठच्या झुडपांत तासन्‌तास निश्चल बसतो. कुणी हिरवा, कुणी तपकिरी, कुणी पिवळसर. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने त्याला भक्ष्याच्या अंगची ऊब कळते.

सड्यावर सुट्या दगडांखाली पाली, विंचू आणि क्वचित फुरसंही दडलेलं असतं. फोटोसाठी हे दगड उलटवून तसेच टाकून जाणारे बघितले की जीव तुटतो. रात्री घाटरस्त्यावर गाड्यांखाली चिरडले जाणारे बेडूक वेगळेच. चिरेखाण तर अख्खा सडाच खरवडून नेते, आणि तो कातळ पुन्हा तयार व्हायला लाखो वर्षं लागतात.