बटाटा, जुना सेल आणि पाषाणातलं विकर

परवा आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरात एक उद्योग केला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं आणि तीन वाट्या मांडल्या. एकीत कच्च्या बटाट्याची फोड, दुसरीत उकडलेल्याची, तिसरीत टॉर्चच्या संपलेल्या साध्या सेलमधली चिमूटभर काळी पूड. तिन्हींवर पेरॉक्साइड ओतलं. कच्च्या फोडीवर पांढरा फेस धरला. उकडलेली ढिम्म. काळी पूड मात्र अशी फसफसली की भाची दोन पावलं मागं सरकली. (सेल मी हातमोजे घालून फोडला होता. मुलांनी हे एकट्यानं करू नये, आणि अल्कलाइन किंवा रिचार्ज होणारा सेल तर कुणीच फोडू नये.)

कच्च्या बटाट्यात कॅटलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि तेही सेकंदाला लाखो रेणूंच्या वेगानं. पण विकर म्हणजे घडी घातलेलं प्रथिन. उकडलं की घडी विस्कटते आणि काम थांबतं. काळ्या पुडीतलं मँगनीज डायऑक्साइड पडलं खनिज, त्याला उकळीचं काय! १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड शोधणाऱ्या लुई जाक तेनार यांनाही हे दिसलं होतं: धातूंची ऑक्साइडं ते फोडतात, तसंच रक्तातलं फायब्रिन हे प्रथिनही.

खनिजाची ही करामत औषधोपचाराकडे नेणारं मोठं पाऊल पडायला मात्र २००७ साल उजाडलं. लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय नॅनोकण तोवर जीवशास्त्रात हमालासारखे वापरले जात. खरं काम करणारं विकर त्यांच्या पाठीवर चिकटवायचं. बीजिंगमधल्या संशोधकांनी दाखवलं की हमाल स्वतःच कारागीर आहे. विकर न चिकटवताही हे कण पेरॉक्सिडेजचं, म्हणजे पेरॉक्साइड वापरून दुसऱ्या पदार्थांचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकराचं, काम करतात. अशा कणांना नॅनोझाइम म्हणतात.

हे जमतं कसं, ते सिरियम ऑक्साइडमध्ये छान दिसतं. सिरियमचा अणू कधी तीन, कधी चार इलेक्ट्रॉन दिलेल्या अवस्थेत असतो आणि या दोन्हींत तो सहज ये-जा करतो. पेशीत ऑक्सिजन वापरला जाताना सुपरऑक्साइडसारखे उपद्रवी रेणू तयार होतात. सिरियम त्यांतल्या एकाला इलेक्ट्रॉन हातउसना देतो, दुसऱ्याकडून परत घेतो, आणि पुन्हा मोकळा. हा व्यवहार पृष्ठभागावर चालतो. कण जितका बारीक तितके जास्त अणू पृष्ठभागावर, म्हणून नॅनो.

आकारानं स्वभावही बदलतो. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड एरवी विषारी. पण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. मुगेश यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं की त्याच्याच नॅनोतारा पेशींमधलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य वापरून पेरॉक्साइड संपवतात आणि पेशींचं रक्षण करतात. (आपल्याकडची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही उत्प्रेरकांसाठी, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थांसाठी, नावाजलेली, आणि ती आहे पुण्यातल्या पाषाणला. तिथून जाताना मला दर वेळी हसू येतं.)

खरी मेख भोवतालच्या आम्लतेत आहे. लोहाच्या ऑक्साइडचा तोच कण उदासीन द्रावणात कॅटलेजसारखा पेरॉक्साइड विझवतो. आम्लात मात्र पेरॉक्सिडेजसारखा वागून त्यापासून हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे भेटेल त्या रेणूची मोडतोड करणारे जहाल तुकडे, काढतो. बंबवाला आणि आगलाव्या एकच! दातांवरच्या किटणातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं तेच वापरलं. फेरुमॉक्सिटॉल हे लोहकणांचं औषध अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयासाठी मान्य झालेलं. ते किंचित पेरॉक्साइडसोबत उंदरांच्या दातांवर लावल्यावर जंतूही मेले आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट थरही तुटला. जंतूंनी स्वतःच केलेल्या आम्लानं त्यांचा घात केला.

तोंडातून चूळ भरून टाकता येते, शिरेतून दिलं की तसं नाही. रक्तात शिरताच प्रथिनं कणांना लपेटतात आणि काम करणारा पृष्ठभाग झाकला जातो. मग बरेचसे कण यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतात. शिवाय विकर आपला एकच रेणू निवडून धरतं, ऑक्साइडला तेवढी पारख नसते. कर्करोगाच्या गाठीभोवतीही आम्लता असते, म्हणून तिथं हे कण वापरायची कल्पना आकर्षक खरी, पण मला दातांचा रस्ता आधी खुला होईल असं वाटतं.

वाट्या धुवायच्या राहूनच गेल्या. दोन दिवसांनी बटाटा काळा पडला होता. तिसऱ्या वाटीत तळाशी पूड तशीच होती. उरलेलं पेरॉक्साइड त्यात ओतलं, तर ती पुन्हा पहिल्या दिवशीसारखीच फसफसली.