एका डागासाठी आठ आठवडे : व्हिसाच्या मेडिकलमधील टीबी तपासणीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाची मेडिकल बहुतेकांची एक-दोन फेऱ्यांत आटोपते. अडकतो तो ज्याच्या छातीच्या एक्स-रेत जुना डाग निघतो. ताप नाही, खोकला नाही, औषधांचा कोर्स कित्येक वर्षांपूर्वी पूर्ण झालेला. तरी लागोपाठ तीन दिवस सकाळी थुंकी द्यायला बोलावतात आणि निकालाला आठ आठवडे लागतील म्हणून सांगतात. विमानाची तिकिटं, मुलांच्या शाळा, तिकडची नोकरी सगळं लांबणीवर पडतं. थुंकीतल्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या, गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर निकाल तासाभरात येतो, जीनएक्स्पर्टवर दोन तासांत. मग आठ आठवडे कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर या नियमाच्या घडणीत आहे.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९१ च्या कायद्याने अमेरिकेने ‘धोकादायक संसर्गजन्य’ आजार असलेल्यांना प्रवेश बंद केला आणि येणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. क्षयाचं नाव कायद्यात स्पष्टपणे आलं १९०७ मध्ये. त्या काळी तपासणी बंदरावर होई. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर डॉक्टर रांगेतल्या माणसाकडे काही सेकंद बघत, संशय आला तर कोटावर खडूने अक्षर लिहीत आणि त्याला बाजूला काढत. नाकारलेल्याला परत पाठवायचं म्हणजे पुन्हा समुद्रप्रवास. १९२४ च्या कायद्याने व्हिसा परदेशातल्या वकिलातीतून घेणं बंधनकारक झालं आणि तपासणीही हळूहळू प्रवाशाच्या मायदेशी सरकली. व्हिसाच्या मेडिकलसाठी वकिलातीने नेमलेले आजचे ‘पॅनेल डॉक्टर’ ही त्याच व्यवस्थेची पुढची पिढी. ते भारतातलेच डॉक्टर असतात, पण तपासणी करतात परक्या देशाच्या नियमपुस्तकाप्रमाणे. त्यांच्याशी घातलेला वाद म्हणूनच फुकट जातो. त्यांच्या हातात सवलत नसते.

औषधं आली तेव्हा खरं तर चित्र पालटायला हवं होतं. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षय केमोथेरपी (म्हणजे औषधोपचार) केंद्राने दाखवून दिलं, की घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनटोरियममधल्या, म्हणजे क्षयाच्या रुग्णालयातल्या, रुग्णाइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागण होत नाही. जगभरची सॅनटोरियमं ओस पडायला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. व्हिसाच्या नियमाने मात्र हा धडा अर्धाच घेतला. योग्य औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता लवकर घटते हे डॉक्टरांना ठाऊक आहे, तरी थुंकीत जंतू सापडलेल्याला उपचार पूर्ण झाल्याशिवाय सहसा प्रवास करता येत नाही. हा नियम वैद्यकशास्त्रापेक्षा कडक आहे. यामागे अर्धवट सोडलेल्या कोर्सची आणि त्यातून येणाऱ्या औषधरोधक टीबीची धास्ती आहे.

ती धास्ती खरी ठरली ती थायलंडमध्ये. १९९१ च्या अमेरिकी नियमांत १५ वर्षांवरील प्रत्येकाचा एक्स-रे काढत आणि तो संशयास्पद असेल तर थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघत. तिथल्या वात थाम क्राबोक या मठाच्या आवारात राहणाऱ्या, मूळच्या लाओसच्या ह्मोंग जमातीच्या निर्वासितांना २००४ मध्ये अमेरिकेत नेऊ लागले, तेव्हा ही तपासणी पार करून गेलेल्यांमध्ये तिथे पोचल्यावर टीबी निघाला आणि त्यात बहुऔषधरोधक रुग्णही होते. स्थलांतर मध्येच थांबवावं लागलं. चूक कुणा एका डॉक्टरची नव्हती. काचपट्टीवर जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. कल्चरमध्ये, म्हणजे पोषक माध्यमात जंतू वाढवून बघताना, दहा-शंभर असले तरी वाढतात. तेव्हा २००७ च्या नियमांनी तीन थुंकींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि तिन्हींचं कल्चर सक्तीचं केलं. जंतू वाढला तर कोणत्या औषधाला दाद देतो तेही तपासायचं आणि उपचार आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या घेऊन करायचा, असंही ठरलं. आठ आठवड्यांचं मूळ इथे आहे. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायलाच जवळपास एक दिवस घेतो. द्रव माध्यमात सहा आठवडे आणि घन माध्यमात आठ आठवडे वाट पाहिल्याशिवाय ‘वाढला नाही’ असं लिहिता येत नाही.

जीनएक्स्पर्ट किंवा ट्रूनॅट इथे कल्चरची जागा घेऊ शकत नाही, कारण या चाचण्या जंतूचा डीएनए शोधतात आणि मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडू शकतो. पूर्वी उपचार झालेल्यात निकाल पॉझिटिव्ह आला, तर जंतू जिवंत आहे की नाही ते कल्चरच सांगतं.

थुंकी देताना बऱ्याच गोष्टी बिघडतात. खोल खोकून काढलेला बेडका न देता तोंडातली लाळ दिली, तर नमुना कुचकामी. कोरडा खोकला असेल तर मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढतात. ती सोय विचारून घ्यावी. प्रयोगशाळेत इतर जीवाणू मारायला नमुन्यावर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करतात. ती सौम्य झाली तर दुसरेच जीवाणू वाढून नमुना दूषित होतो, जास्त झाली तर क्षयाचे जंतूही मरतात. दूषित निघालेला नमुना म्हणजे पुन्हा थुंकी आणि पुन्हा प्रतीक्षा. सगळ्यात महागात पडते ती घाई. एक्स-रे बघून घरचे डॉक्टर ‘जाऊ दे, सुरूच करू’ म्हणत टीबीची औषधं देतात, किंवा खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिन लिहून देतात. हे औषध क्षयाच्या जंतूलाही दाबतं. मग थुंकीतून काही कळत नाही आणि फाइल आणखी रेंगाळते. नमुने देऊन होईपर्यंत पॅनेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही अँटिबायोटिक घेऊ नये. अर्थात प्रकृती खरंच बिघडली असेल तर व्हिसा बाजूला ठेवून उपचार आधी.

प्रत्येक डागाला थुंकी लागतेच असं नाही. एकटीदुकटी कॅल्शियम साचलेली गाठ सहसा सोडून देतात. तंतुमय व्रण किंवा फुप्फुसाचा आक्रसलेला वरचा भाग सोडत नाहीत. थुंकी निर्मळ निघाली की ‘बी-१’ वर्ग मिळतो. प्रवास करता येतो, फक्त मेडिकलची मुदत नेहमीच्या सहा महिन्यांऐवजी तीन महिने होते आणि अमेरिकेत पोचल्यावर आरोग्य विभाग पुन्हा बोलावतो. जंतू सापडला तर वर्ग ‘ए’. साध्या टीबीला सहा महिने : आपल्या राष्ट्रीय टीबी कार्यक्रमात दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. औषधरोधक टीबीचं वेळापत्रक वेगळं. हा कोर्स पॅनेलने ठरवलेल्या ठिकाणी, देखरेखीखाली घ्यावा लागतो. बाहेर स्वतःच्या मनाने घेतलेला ग्राह्य धरतील याची खात्री नाही.

दुसरा गोंधळ सुप्त टीबीचा, म्हणजे जंतू शरीरात आहे पण आजार नाही अशा अवस्थेचा. मॅन्टू या त्वचेवरच्या चाचणीत बीसीजी ही टीबीची लस घेतलेल्याचाही हात सुजू शकतो, आणि आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात. आयग्रा ही रक्तचाचणी ज्या प्रथिनांवर चालते ती बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे ‘लस घेतली होती’ ही सबब तिला लागू होत नाही. ऑक्टोबर २०१८ पासून अमेरिकेने मॅन्टूऐवजी आयग्रा धरली. ऑक्टोबर २०२४ पासून भारतासारख्या टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशांत दोन वर्षांवरील सर्वांना ती लागते. भारतात प्रौढांची आयग्रा पॉझिटिव्ह येणं अगदी सामान्य आहे. एक्स-रे स्वच्छ, लक्षणं नाहीत, एचआयव्ही नाही, तर वर्ग ‘बी-२’ आणि व्हिसा त्यामुळे अडत नाही. या निकालावर चार औषधांचा कोर्स सुरू करणं चूक आहे. एमएमआरसारखी (गोवर-गालगुंड-रुबेला) जिवंत विषाणूंची लस द्यायची असेल तर रक्त त्याच दिवशी किंवा आधी द्यावं. लस आधी झाली असेल तर चार ते सहा आठवडे थांबावं लागतं.

ब्रिटनची वाट निराळी. तिथे पूर्वी हीथ्रो विमानतळावर उतरल्यावर एक्स-रे काढत. २००५ पासून काही देशांत निघण्यापूर्वीच तपासणी सुरू झाली आणि २०१२ नंतर भारतही त्यात आला. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसासाठी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात निघणारे पुण्या-मुंबईचे विद्यार्थी इथेच अडखळतात. एक्स-रे ११ वर्षांपासून, प्रमाणपत्राची मुदत सहा महिने, आणि संशय आला तर थुंकीचं तेच कल्चर. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला अशी मेडिकल नसते. तिथे टीबीचं विचारतं ते विद्यापीठ. ऑस्ट्रेलियाच्या नियमात टीबीचा उल्लेख नावानिशी आहे आणि बाकी आजारांना काही व्हिसांत मिळणारी सूट टीबीला नाही.

पूर्वी टीबी झालेल्याने एक्स-रेच्या आधीच तसं सांगावं. डाग लपत नाही आणि लपवलेली माहिती वेगळीच अडचण होते. औषधांची नावं, सुरू-बंद केल्याच्या तारखा, थुंकीचे निकाल आणि निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) असलेलं कार्ड सोबत न्यावं. अमेरिकेसाठी यामुळे थुंकी टळत नाही. मात्र कल्चरमध्ये जंतू वाढलाच, तर आधी कोणती औषधं किती दिवस झाली होती यावर पुढचा कोर्स ठरतो.