अंगावरचा काटा आणि लाइकचा अंगठा

कविता ऐकून अंगावर काटा आला असं आपण म्हणतो, तेव्हा तो खरंच आलेला असतो का? हे तपासण्यासाठी काही संशोधकांनी थेट त्वचेवर कॅमेरा रोखला. जर्मनीत फ्रँकफर्टला कलेच्या अनुभवाचा प्रयोगांतून अभ्यास करणारी एक माक्स प्लांक संस्था आहे. तिथल्या ऑयगेन वासिलिविट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना कविता ऐकवल्या. शहारा जाणवला की बटण दाबायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्याच वेळी चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल आणि त्वचेवरचे केस यांची नोंद होत होती. २०१७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्याच श्रोत्यांना कधी ना कधी शहारा आला होता आणि सुमारे ४० टक्के लोकांच्या अंगावर उभा राहिलेला काटा कॅमेऱ्यात दिसला होता.

भरताच्या नाट्यशास्त्रात रोमांच हा आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे. घाम फुटणं, आवाज कापरा होणं, डोळ्यांत पाणी येणं हेही त्यातलेच. ‘अष्टसात्त्विक भाव दाटून आले’ हा शब्दप्रयोग तिथूनच मराठीत आला. मनात उठलेली लाट अंगावर उमटते, हे जुन्या रसिकांना ठाऊकच होतं. नव्या प्रयोगाने त्यात भर घातली ती दोन बारकाव्यांची, आणि मला ते दोन्ही फार मोलाचे वाटतात.

पहिला बारकावा जागेचा. शहारे कवितेत कुठेही विखुरलेले नव्हते. ओळीचा शेवट, कडव्याचा शेवट आणि कवितेचा शेवट इथे ते दाटलेले होते. दुसरा बारकावा वेळेचा. मेंदूच्या आत खोलवर एक छोटा भाग आहे. काही चांगलं मिळणार अशी चाहूल लागली की तो जागा होतो. श्रोत्याला शहारा जाणवण्याच्या काही सेकंद आधीच तिथली हालचाल वाढलेली दिसली. म्हणजे कविता ऐकताना आपण नुसते शब्द घेत नसतो. लय आणि यमक यांच्या आधाराने मेंदू पुढच्या वळणाचा अंदाज बांधत असतो, आणि ते वळण येईपर्यंतची ओढ हीच सुखाची सुरुवात असते. याच वेळी चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. सक्रिय होता तो भुवया आक्रसणारा स्नायू, जो दुःखात किंवा काळजीत हलतो. आनंद आणि व्याकुळता एकाच क्षणी अंगात होती.

आता हाच अनुभव फोनच्या पडद्यावर आणून बघू. कविता समोर येते, वाचणारा थबकतो, कदाचित त्याचा श्वास किंचित अडकतो. त्याच्या त्वचेवर रोखलेला कॅमेरा इथे नाही. कवीला दिसतो तो एक आकडा: इतके लाइक, इतके शेअर, आणि खाली चारदोन ‘अप्रतिम’ आणि ‘निःशब्द’. या आकड्याला आपण दाद समजतो. तो नेमकं काय मोजतो, हे विचारणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण याच आकड्याकडे पाहून अनेक जण लिहीत राहतात किंवा लिहिणं सोडून देतात.

आधी चित्रांपासून सुरुवात करू. एडवर्ड व्हेसेल, गॅब्रिएल स्टार आणि नावा रुबिन यांनी १६ लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून १०९ चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्र तुम्हाला किती हलवून गेलं ते १ ते ४ या अंकांत सांगा, असं म्हटलं. हे २०१२ सालचं काम. आपल्या मेंदूत काही भागांचं एक जाळं असं आहे की आपण बाहेरच्या जगाकडे लक्ष देऊ लागलो की ते शांत होतं, आणि स्वतःबद्दल, आठवणींबद्दल, पुढच्या आयुष्याबद्दल विचार करू लागलो की ते जागं होतं. चित्र पाहणं हे बाहेर पाहणंच आहे, त्यामुळे ते शांत व्हायला हवं. १, २ आणि ३ गुणांच्या चित्रांना ते शांत झालंही. ज्या चित्रांना पाहणाऱ्याने ४ गुण दिले, तिथे मात्र ते शांत झालं नाही. नुसतं आवडलेलं चित्र आणि आतपर्यंत पोचलेलं चित्र यांत मेंदूच्या दृष्टीने पायरीपायरीचा फरक नव्हता. मध्ये एक उंबरठा होता, आणि तो ओलांडल्यावर बाहेरचं चित्र पाहणाऱ्याच्या ‘मी’ला जाऊन भिडत होतं.

४ गुणांची चित्रं प्रत्येकाची वेगळी होती. एकाला हलवून गेलेलं चित्र दुसऱ्याला कोरडं वाटत होतं. व्हेसेल यांच्या पुढच्या एका अभ्यासात हे आणखी स्पष्ट झालं. माणसांचे चेहरे आणि निसर्गदृश्यं यांच्या बाबतीत लोकांची पसंती बरीच जुळते. कलाकृतींच्या बाबतीत ती फार कमी जुळते. डोंगरामागे बुडणाऱ्या सूर्याचा फोटो आणि एखादं अमूर्त चित्र यांच्या लाइकची तुलना करताना हे ध्यानात ठेवायला हवं. एकीकडे लोकांची आवड एकमेकांशी मिळते आणि आकडा फुगतो. दुसरीकडे मोजकेच लोक त्या चित्रात खोल उतरतात आणि बाकीचे पुढे सरकतात. आकडा लहान, पण त्या मोजक्यांपैकी कुणासाठी तो चौथा गुण असू शकतो. लाइकच्या बटणात १ ते ४ अशी सोय नाही. उंबरठ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही तिथे सारखेच मोजले जातात.

कवितेचंही तसंच आहे. एमी बेल्फी, व्हेसेल आणि स्टार यांनी ४०० हून अधिक लोकांना हायकू आणि सुनीतं वाचायला दिली. कोणती कविता चांगली यावर वाचकांचं एकमत झालं नाही. पण एका गोष्टीने प्रत्येकाची आवड सर्वांत नीट सांगता आली: ती कविता वाचताना मनात चित्र किती लख्ख उभं राहिलं. भावना गोड होती की कडू, तीव्र होती की मंद, याचाही वाटा होता, पण तो त्यानंतर. तुमच्या डोळ्यांसमोर अंगण उभं राहिलं तर कविता तुमची झाली. शेजारच्याच्या मनात ते उभं राहिलं नाही, तर त्याच्यासाठी ते नुसते शब्द.

पडद्यावर पाहताना आणखी एक गोष्ट हातातून निसटते, ती म्हणजे आकार. पिकासोचं गेर्निका हे चित्र सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की मान वळवावी लागते, पावलं मागे घ्यावी लागतात. फोनवर ते आणि तळहाताएवढं लघुचित्र एकाच मापाचं होतं. शरीराने द्यायचा प्रतिसाद तिथेच निम्मा होतो. तरीही वेळेच्या बाबतीत सगळा दोष फोनवर टाकू नये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नावाजलेल्या चित्रांसमोर लोक किती थांबतात हे मोजलं गेलं आणि २००१ साली प्रसिद्ध झालं. सरासरी २७ सेकंद, आणि निम्मे प्रेक्षक १७ सेकंदांच्या आतच पुढे गेलेले. घाई आधीपासूनच होती.

आकड्याच्या दुसऱ्या बाजूला आहे गर्दी. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा २००६ चा प्रयोग मी पुन्हा पुन्हा आठवतो. त्यांनी इंटरनेटवर अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी ठेवली. १४,३४१ लोक आले. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना प्रत्येक गाणं आतापर्यंत किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडाही दिसत होता. या दुसऱ्या लोकांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटलं होतं. एका जगातले आकडे दुसऱ्या जगाला दिसत नव्हते. गाणी तीच, सुरुवात शून्यापासून, माणसं तशीच. तरी प्रत्येक जगात यशस्वी गाणी वेगळी निघाली. आकडे न पाहणाऱ्यांच्या पसंतीत २६ व्या क्रमांकावर असलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात ४० वं. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, हेही खरं. पण मधल्या मोठ्या पट्ट्यात कोण वर जाणार, हे पहिल्या थोड्या लोकांच्या हातात होतं. बहुतेक कविता आणि बहुतेक चित्रं याच मधल्या पट्ट्यात असतात.

ही गर्दीची ओढ किती हलक्या धक्क्याने सुरू होते, ते २०१३ साली लेव्ह मुच्निक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी दाखवलं. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांनी पाच महिन्यांत एक लाखाहून जास्त अभिप्रायांवर प्रयोग केला. कोणत्याही निकषाशिवाय, चिठ्ठी टाकल्यासारखं, काही अभिप्रायांना सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन टाकलं. पुढच्या वाचकानेही अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि अखेरीस त्या अभिप्रायांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. सुरुवातीला दिलेलं प्रतिकूल मत मात्र टिकलं नाही. पुढच्या लोकांनी ते भरून काढलं. माणसं दुसऱ्याच्या स्तुतीत सहज सामील होतात, निंदेत सामील होताना मात्र थांबून विचार करतात. मला यात माणसांचा चांगुलपणा दिसतो, पण आकड्याचा अर्थ लावताना तोच चांगुलपणा आपल्याला चुकवतो.

आणि शेअर? जोना बर्गर आणि कॅथरिन मिल्कमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सचे जवळजवळ ७,००० लेख तपासले. वाचकांनी इतरांना पाठवलेल्या लेखांत विस्मय, संताप आणि चिंता जागवणारे लेख पुढे होते. दुःख जागवणारे मागे. कारण असं की विस्मय आणि संताप शरीराला चेतवतात, हात आपोआप काहीतरी करायला धावतो. दुःख शरीराला मंद करतं, माणूस बसून राहतो. हे लेखांबद्दलचं निरीक्षण आहे, पण कवितांबाबतही तसंच घडत असावं असं मला वाटतं. विरहाची, मृत्यूची, उशिरा आलेल्या समजुतीची कविता वाचून माणूस फोन उलटा ठेवतो आणि खिडकीबाहेर बघतो. त्या कवितेचा परिणाम झाला होता म्हणूनच अंगठा हलला नाही. आकड्यात हा वाचक कविता न वाचलेल्यांच्या रांगेत बसतो.

मग लोकांना शब्दांतच विचारावं ना, का आवडलं ते? इथे टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग आडवा येतो. विद्यार्थ्यांना काही पोस्टर दाखवून एक निवडायला सांगितलं. काही पोस्टर मोनेसारख्या चित्रकारांच्या चित्रांची, काही गमतीशीर मजकुराची. निम्म्यांना निवडण्याआधी आवडीची कारणं लिहायला लावली. कारणं न लिहिणाऱ्यांनी बहुतेक करून चित्रं निवडली. कारणं लिहिणाऱ्यांपैकी जास्त जण गमतीच्या पोस्टरांकडे वळले, आणि काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा ते आपल्या निवडीवर कमी खूश होते. गमतीच्या पोस्टरबद्दल कारण देणं सोपं असतं: विनोद आवडला. मोनेचं चित्र का आवडलं हे पटकन सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मनाच्या तराजूत हलकं होऊन बसतं. म्हणून एखाद्या कवितेखाली नुसतं ‘निःशब्द’ दिसलं तर मी ते आळशी वाचकाचं लिहिणं मानत नाही. अनेकदा ते शब्दशः खरं असतं.

अलीकडे या सगळ्यात एक नवा पेच आला आहे. २०२४ साली ब्रायन पोर्टर आणि एदुआर माशरी यांनी १,६३४ लोकांना दहा नामवंत इंग्रजी कवींच्या कविता आणि त्यांच्या शैलीत यंत्राने रचलेल्या कविता मिसळून दिल्या. कोणती कुणाची हे ओळखण्यात लोक ४६.६ टक्के वेळाच बरोबर ठरले, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही कमी. यंत्राच्या कवितांना गुणही एकंदर जास्त मिळाले. पण ‘ही यंत्राची आहे’ असं आधी सांगितलं की गुण उतरत होते. संशोधकांचा तर्क असा की यंत्राची कविता सरळ असते, एकदा वाचून कळते. माणसाच्या कवितेतली अडचण, अर्धवट सोडलेली जागा वाचकाला यंत्राचा गोंधळ वाटली. दोष वाचकांचा नाही, त्यांना एकच वाचन मिळालं होतं.

काश्मीरचा अभिनवगुप्त हजार वर्षांपूर्वी सहृदयाची व्याख्या करताना म्हणतो की काव्याच्या सततच्या सहवासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय. त्यातला ‘सततच्या’ हा शब्द मला कळीचा वाटतो, आणि त्याला जवळ जाणारा एक प्रयोगही आहे. लीड्स विद्यापीठात विद्यार्थ्यांना व्याख्यानांच्या ओघात, काहीही टिप्पणी न करता, दोन चित्रकारांची चित्रं अधूनमधून पडद्यावर दाखवली गेली. काही चित्रं अनेकदा, काही एखाद्याच वेळी. एक चित्रकार समीक्षकांनी मान्य केलेला जॉन एव्हरेट मिले, दुसरा गोड, उजळ घरांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला थॉमस किंकेड. वारंवार पाहिलेली गोष्ट आवडू लागते, हा मानसशास्त्राचा जुना नियम. किंकेडच्या बाबतीत तो उलटला: त्याची चित्रं जितकी जास्त वेळा दिसली, तितकी ती कमी आवडली. मिलेच्या बाबतीत अशी घसरण झाली नाही.

लाइक पहिल्या भेटीत दिला जातो आणि तिथेच गोठतो. पाचव्या वाचनानंतर तो कुणी काढून घेत नाही, आणि पहिल्या वाचनाला न दिलेला लाइक सहा महिन्यांनी, ती ओळ अचानक आठवल्यावर, परत जाऊन सहसा कुणी देत नाही. तोवर ती कविता पडद्यावरून खाली गेलेली असते. वाचकाने मात्र तिचा स्क्रीनशॉट कधीच काढून ठेवलेला असतो.