सील बदललं तरी गिअरबॉक्स गळतोय?
जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी गॅरेजचं माहितीपत्रक

एक्सलचं (गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, दोनदा बदललं आणि तरीही पार्किंगमध्ये डाग पडतोच, असं असेल तर दोष सहसा नव्या सीलचा नसतो. सील ज्यावर टेकतं तो शाफ्ट (एक्सलचा दांडा) झिजलेला असतो, नाहीतर गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याची वाट, बुजलेला असतो. कारण तसंच ठेवून तिसरं सील टाकलं तर तेही गळणार.

गळतंय ते नेमकं काय?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका आणि पुढची चाकं कुठे येतात त्याची खूण करा. मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल मधासारखं, दाट आणि गंधकाच्या उग्र वासाचं असतं. ऑटोमॅटिकचं बहुधा लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. पण बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही लालच ऑइल लागतं, म्हणून आधी त्या बाटलीची पातळी बघा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं, त्याची काळजी नको. इंजिनवरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं की इंजिन ऑइल ओघळून गिअरबॉक्सवर येतं आणि नाहक गिअरबॉक्स खोलला जातो. ही चूक फार महागात पडते.

पुठ्ठ्यावरच्या थेंबांवरून किती ऑइल गेलं हे मात्र ठरवू नका. रात्रीत दहा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा मिली. खरी गळती गाडी चालताना होते. एक्सल फिरतो, ऑइल भिरकावलं जातं आणि चाकाच्या आतल्या बाजूला, सस्पेन्शनच्या आर्मवर चिकटतं. लहान गाडीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये एकूण ऑइल असतं दोन ते अडीच लिटर. त्यातलं अर्धा लिटर गेलं की काही गिअरबॉक्समध्ये टोकाला असलेला पाचवा गिअर आधी कोरडा पडतो आणि पाचव्यात घुं-घुं आवाज सुरू होतो. आवाज आला असेल तर आधी ऑइल भरा, गळतीचं नंतर बघू.

आम्ही शोधतो कसं?

गिअरबॉक्स डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडा करतो, वर टाल्कम पावडर मारतो आणि ठाण्यात घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत गाडी फिरवून आणतो. लिफ्टवर घेतल्यावर पांढऱ्या पावडरीवर ओघळ स्पष्ट दिसतो. थेंब जिथून पडतो ती जागा सर्वात खालची असते. उगम शोधायचा तर सर्वात वरचा ओला ठिपका बघावा लागतो: एक्सल सील, गिअर शिफ्ट शाफ्टचं सील, रिव्हर्स लाइटचा स्विच, स्पीडोमीटर सेन्सरची ओ-रिंग किंवा ड्रेन प्लगचा वॉशर. यातली शेवटची तीन कामं स्वस्त आणि अर्ध्या-पाऊण तासाची आहेत, म्हणून ती आधी तपासतो.

ब्रीदर आणि शाफ्ट

गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. ती बाहेर पडायला वर एक छोटी नळी किंवा टोपी असते. चिखलाने ती बुजली की दाब सीलच्या ओठावर (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेवर) येतो आणि ऑइल तिथून वाट काढतं. पावसाळ्यात उलटंही होतं. वंदना टॉकीजजवळ साचलेल्या पाण्यातून तापलेली गाडी काढली की गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर टॉप-अप करू नका. सगळं काढून नवं भरावं लागतं, थोडं चालवून पुन्हा एकदा बदलावं लागतं.

एक्सल बाहेर काढल्यावर सील टेकण्याच्या जागेवरून आम्ही नख फिरवतो. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. खाच बारीक असेल आणि जागा असेल तर नवं सील एक-दीड मिलिमीटर पुढे-मागे बसवतो, म्हणजे ओठ गुळगुळीत भागावर येतो. खाच खोल असेल तर आतला जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलण्याला पर्याय नाही. डिफरन्शियलच्या (दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर शाफ्ट डुगडुगतो आणि कुठलंच सील टिकत नाही. मग गिअरबॉक्स उघडावा लागतो. तो खर्च गाडीच्या किमतीशी ताडूनच ठरवा, आम्ही आग्रह करणार नाही.

बसवताना बिघडतं ते इथे: स्क्रू ड्रायव्हरने ठोकून सील तिरकं बसतं, ओठ कोरडा राहतो, किंवा एक्सलचे दाते ओठाला चिरतात. योग्य मापाच्या ड्रिफ्टने (सील बसवायच्या गोल ठोकणीने) सरळ दाबायचं, ओठाला गिअर ऑइल लावायचं आणि एक्सल हाताने आधार देत आत घालायचा. ड्रेन प्लगचा वॉशर आणि एक्सलच्या टोकाची सर्क्लिप (एक्सल जागेवर धरणारी तारेची कडी) नवीच लावतो. एका बाजूचं काम साधारण दोन-तीन तासांचं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून, बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) तळातून थेंब पडत असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा इनपुट शाफ्टचं सील, क्रँकचं मागचं सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बघून घ्या. मजुरी एकदाच लागते.

ऑटोमॅटिक असेल तर

पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या तबकाचे) बोल्ट जोर लावून आवळले की पॅनची कड वाकते आणि गळती वाढते. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरे. गॅसकेटवर सिलिकॉन थापू नये, तुकडे सुटून आतल्या गाळणीत अडकतात. पातळी बघण्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी: काहींत इंजिन चालू ठेवून, जुन्या होंडांमध्ये गरम इंजिन बंद करून लगेच. सीव्हीटीत (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) साधं ऑटोमॅटिकचं ऑइल कधीच घालू नका.

मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी पुस्तिकेत जीएल-4 (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-5 चालवून घेऊ नका, गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. भरण्याचा प्लग आधी उघडायचा, काढण्याचा नंतर. भरण्याचा गंजून बसला असेल तर गाडी ऑइलविना अडकते. गाडी सपाट उभी असताना छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की पुरे. जास्त भरलं तरी गळतं.

गळती थांबवणारी बाटली रबर फुगवते. काही दिवस डाग थांबतो, पुढे रबर मऊ पडतं. गाडी विकेपर्यंत वेळ काढायचा असेल तर तुमची मर्जी, आम्ही ती घालत नाही.

येताना गाडीची पुस्तिका, आधीच्या कामाची बिलं आणि डाग पडलेला पुठ्ठा आणा. काम झाल्यावर 500 किलोमीटरनंतर गाडी पुन्हा लिफ्टवर घेतो, त्याचे पैसे लागत नाहीत.