ट्यूब लवकर लागत नाही? नवी घेण्याआधी हे वाचा

‘ट्यूब लुकलुकतेय, नवी द्या’ असं म्हणत आमच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांना खरं तर नव्या ट्यूबची गरज नसते. दोष कधी स्टार्टरचा निघतो, कधी होल्डरचा, आणि सांगलीच्या आसपासच्या गावांत पुष्कळदा व्होल्टेजचा. नवी ट्यूब लावूनही लुकलुकणं तसंच राहतं आणि पैसे मात्र जातात. ते जाऊ नयेत म्हणून हे पत्रक.

आधी एक कळकळीची विनंती. लुकलुकणारी ट्यूब ‘लागेल हळूहळू’ म्हणून तशीच सोडू नका, स्विच बंद करा. ट्यूबच्या दोन्ही टोकांना आत बारीक फिलामेंट असतं आणि त्यावर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. ट्यूब लागताना दर वेळी त्या लेपाचा थोडा अंश उडतो, टोकं काळी पडतात ती त्यामुळेच. ट्यूब लागायचा प्रयत्न फसला तरी लेप उडतोच. म्हणजे शंभर वेळा लुकलुकून न लागलेली ट्यूब शंभर वेळा झिजलेली असते. चांगली ट्यूबसुद्धा अशी थोड्या दिवसांत संपते, शिवाय चोक, म्हणजे पट्टीतली करंट आवरणारी तांब्याच्या गुंडाळीची जड पेटी, तापत राहतो तो वेगळाच.

आता आत काय घडतं ते थोडक्यात, कारण हे कळलं की निम्मा दोष घरीच ओळखता येतो. स्टार्टरचं पांढरं टोपण काढलंत तर आत करंगळीच्या पेरापेक्षाही लहान काचेची कुपी दिसेल. तिच्यात वायू असतो आणि दोन पत्त्या असतात, त्यातली एक दोन धातूंची. शेजारी छोटा कपॅसिटर. स्विच दाबला की कुपीत जांभळट-नारिंगी प्रकाश चमकतो, पत्ती तापते, वाकते आणि दुसरीला टेकते. त्या वेळी चोकमधून आलेला करंट दोन्ही फिलामेंटमधून वाहतो आणि ती लालसर तापतात. पत्त्या टेकल्यावर कुपीतला प्रकाश विझतो, पत्ती निवते आणि सुटते. सुटताक्षणी चोक काही शे व्होल्टचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. पेटलेल्या चार फुटी ट्यूबवर साधारण १०० ते ११० व्होल्टच उरतात. तेवढ्यावर स्टार्टर पुन्हा चमकत नाही, म्हणून तो गप्प बसतो.

यावरून लक्षणं वाचता येतात. दोन्ही टोकं सतत लालसर-पांढरी दिसतात, मधला भाग काळोखा आणि लुकलुकणं अजिबात नाही, असं असेल तर स्टार्टरच्या पत्त्या चिकटल्या आहेत किंवा त्यातला कपॅसिटर शॉर्ट झालाय. अशा वेळी ट्यूब जराही जळत ठेवू नका, फिलामेंट विनाकारण तापतंय. ट्यूब सारखी लुकलुकते पण टोकं स्वच्छ आहेत, तर संशय आधी स्टार्टरवर आणि मग व्होल्टेजवर. टोकं दोन-तीन इंच काळी झालीत आणि लुकलुकतेय, तर ट्यूबच म्हातारी झाली, तिथे स्टार्टर बदलून फायदा नाही. काहीच हालचाल नाही, तर ट्यूबची पिन होल्डरमध्ये नीट बसलेली नसते, नाहीतर फिलामेंट तुटलेलं किंवा चोक आतून ओपन झालेला, म्हणजे त्याची तार तुटलेली असते. ट्यूब घेऊन या, दोन्ही टोकांचं फिलामेंट मीटरवर तपासून देतो.

घरी तपासायचं तर मेन स्विच किंवा एमसीबी पाडूनच. नुसता बोर्डावरचा स्विच बंद करून हात घालू नका. काही जुन्या घरांमध्ये स्विच फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि स्विच बंद असतानाही पट्टीत, म्हणजे ट्यूबच्या लोखंडी फ्रेममधल्या जोडणीत, करंट राहतो. रात्री स्विच बंद असताना ट्यूब मंद उजळत असेल तर बहुतेक तेच कारण आहे, वायरमनकडून बदलून घ्या. एमसीबी पाडल्यावर ट्यूब पाव वळण फिरवून काढा, पिना कोरड्या फडक्याने पुसा, होल्डरमधल्या पितळी पट्ट्या सैल झाल्यात का बघा, ट्यूब पुन्हा घट्ट फिरवून बसवा. हळदीच्या गोदामांत आणि मिरची-मसाल्याच्या गिरण्यांत बारीक धूळ पिनांवर बसते, दमट हवेत ती चिकटते आणि संपर्क तुटतो. तिथल्या अर्ध्याअधिक ‘गेलेल्या’ ट्यूब नुसत्या पुसल्यावर लागतात. मग घरातल्या चालू पट्टीचा स्टार्टर काढून इथे लावून पाहा. याहून स्वस्त चाचणी नाही.

स्टार्टरवर छापलेले वॅटही वाचा. एका ट्यूबच्या पट्टीला ४-६५ किंवा ४-८० वॅटचा चालतो. पण एकाच चोकवर दोन फुटी दोन ट्यूब सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या) असतील तर तिथे दोन स्टार्टर लागतात आणि दोन्ही ४-२२ वॅटचेच हवेत. तिथे मोठा स्टार्टर लावला तर ट्यूब पकडत नाही आणि दोष ट्यूबवर जातो.

व्होल्टेजचं दुखणं तासगाव, कवठेमहांकाळकडच्या आमच्या ग्राहकांना चांगलंच माहीत आहे. शेतीपंप सुरू झाले की बेदाण्याच्या शेडमधल्या ट्यूब फडफडायला लागतात. व्होल्टेज १८० च्या आसपास उतरलं की साधा स्टार्टर धड तापत नाही आणि चोकचा झटकाही कमी पडतो. अशा जागी स्टार्टर बदलत बसू नका, इलेक्ट्रॉनिक चोक लावा. त्याच्या लेबलवर किती व्होल्टपासून चालतो ते लिहिलेलं असतं, ते पाहूनच घ्या. इलेक्ट्रॉनिक चोकला स्टार्टर लागत नाही, जुना काढून टाकायचा. जानेवारीत पहाटे उघड्या शेडमध्ये ट्यूब उशिरा लागते आणि सुरुवातीला मंद दिसते, तो मात्र दोष नाही. थंडीत ट्यूबमधल्या पाऱ्याची वाफ कमी होते, एवढंच. नव्या ट्यूबमध्ये सापासारखी वळवळ दिसली तर घाबरू नका, दोन-चार वेळा बंद-चालू केल्यावर बहुधा जाते.

पुराबद्दल स्वतंत्र लिहायलाच हवं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत गावभागापासून नदीकाठच्या गावांपर्यंत कितीतरी घरांत पट्ट्या पाण्याखाली गेल्या. पट्टी उन्हात वाळवली की वरून कोरडी होते, पण चोकच्या तांब्याच्या गुंडाळीत गाळ आणि ओल अडकून राहते. असा चोक कधी ट्यूब लावतो, कधी लावत नाही, आणि लोखंडी पट्टीत करंट उतरवू शकतो. भिजलेला चोक पुन्हा वापरू नका, आम्ही तो दुरुस्तही करून देत नाही. पट्टी आणि होल्डर चांगले असतील तर फक्त चोक नवा घ्या, आणि अर्थिंगची वायर जोडल्याची खात्री करा. चोकमधून जळका वास आला किंवा डांबर गळालं, तरी तो त्याच दिवशी बदला. नुसती घूं घूं येत असेल तर बहुधा स्क्रू सैल असतो.

एलईडी ट्यूब घ्यावी का, हे आता रोज विचारलं जातं. आमचं मत स्पष्ट आहे: एखाददुसरी पट्टी असेल आणि फक्त स्टार्टर गेला असेल तर स्टार्टर घ्या. चोक आणि ट्यूब दोन्ही गेले असतील, किंवा गोदामात वीस-पंचवीस पट्ट्या असतील, तर एलईडीवर जा. ४० वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसह सुमारे ५० वॅट खाते, चार फुटी एलईडी १८ ते २० वॅटमध्ये भागवते. शिवाय पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारातल्या २०२३ च्या निर्णयानुसार पाऱ्याच्या लांब ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबायची आहे. एलईडी जुन्याच पट्टीत बसवताना वायरिंग बदलावं लागतं का ते खोक्यावर वाचा, काहींना चोक-स्टार्टर काढून थेट जोडणी लागते.

जुनी ट्यूब फुटली तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा, मुलांना थोडा वेळ बाहेर ठेवा आणि काचा ओल्या कागदाने गोळा करून पिशवीत बांधा, कारण आत थोडा पारा असतो. झाडू मारू नका, धूळ उडते.

दुकानात येताना जुना स्टार्टर सोबत आणा आणि चोकवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून आणा. वॅट जुळवूनच माल देतो.